कणगी रिकामी का?
(जिल्हा बैठकीत केलेली मांडणी)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, पीक विम्याचा आहे, विजेचा आहे. या सगळ्यांच्या आधी अर्धा तास आम्ही एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतला. विषय आहे भुकेचा. शेतकऱ्यांच्या बैठकीत भुकेची चर्चा कशाला, असे काही कार्यकर्त्यांनी विचारले. जो पिकवतो तो उपाशी कसा राहील, असे त्यांचे म्हणणे. आमचे म्हणणे असे की नेमका हाच प्रश्न आहे. जो पिकवतो त्याच्याच घरात दाणा का नाही, याचे उत्तर शोधल्याशिवाय कापसाच्या भावाचीही चर्चा पुरी होणार नाही.

भूक दिसत नाही

भूक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुष्काळ उभा राहतो. सांगाडे झालेली जनावरे, गाव सोडून निघालेली माणसे. तशी भूक आज आपल्या गावात नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण भुकेची दुसरी एक जात आहे. ती गावात राहते, घरात राहते आणि शेजाऱ्यालाही दिसत नाही.

ती कशी येते ते मायबहिणींना विचारा. आषाढ लागतो. पेरणी झालेली असते. हातातला पैसा बियाण्यात, खतात, वखरणी-डवरणीत गेलेला असतो. कणगीचा तळ लागलेला असतो. मूग-उडीद यायला पोळा उजाडायचा असतो. मग पहिल्यांदा दूध बंद होते. नंतर वरणात पाणी वाढते. मग भाजी जाते, चटणी उरते. आणि शेवटी घरातली बाई म्हणते, मला आज भूकच नाही. सगळ्यांचे जेवण झाल्यावर टोपल्यात जे उरेल त्यावर ती भागवते आणि सकाळी निंदायला जाते. या घराला कुणी उपाशी घर म्हणत नाही. चूल तर रोज पेटते.

पण मोजमाप करणाऱ्यांना ही भूक सापडते. केंद्र सरकारची जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २१ या काळात झाली, तिच्यात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३६ टक्के मुले वजनाने कमी भरली. ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होते. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत बायकांचा हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे मधल्या काळात रस्ते झाले, मोबाइल आले, गावोगावी दुकाने आली, आणि बायकांच्या अंगातले रक्त मात्र कमी झाले. मुलांचे वजन जिथल्या तिथे राहिले.

१९९२-९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली, तेव्हा भूक म्हणजे डोंगरातल्या कोरकूंचा प्रश्न, असे सपाटीवरच्या लोकांनी मानले. पण ज्या पावसाळी महिन्यांत मेळघाटात लेकरे दगावतात, त्याच महिन्यांत खाली काळ्या मातीत आपल्या घरचा दाणा संपलेला असतो. तिथे ओझे जास्त आहे, इथे थोडे कमी आहे. महिने तेच आहेत.

कणगीचा हिशेब

आता आपण हिशेब करू. शेतकऱ्याला भाषणापेक्षा हिशेब लवकर कळतो.

नवरा-बायको, म्हातारी आई आणि दोन लेकरे असे पाच माणसांचे घर धरा. कष्टाच्या दिवसांत मोठा माणूस पाऊण किलो धान्य खातो, लेकरू कमी खाते. सरासरी माणशी रोजचे अर्धा किलो धरले तर वर्षाला नऊ क्विंटल धान्य लागते. त्यात तेल नाही, डाळ नाही, पाहुणा-राहुणा नाही, सणवार नाही.

या घराचे कार्ड प्राधान्य कुटुंबात असेल तर रास्त भाव दुकानातून माणशी महिना पाच किलो मिळते. पाच माणसांचे वर्षाचे झाले तीन क्विंटल. लागतात नऊ, मिळतात तीन. उरलेले सहा क्विंटल कुठून आणायचे?

ज्याच्या शेतात ज्वारी आहे तो म्हणेल, खळ्यातून. ज्याच्या शेतात नुसती पऱ्हाटी किंवा नुसते सोयाबीन आहे, त्याला ते विकत घ्यावे लागतात. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये क्विंटल जाहीर केला आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये. या भावाने सहा क्विंटल ज्वारीला बावीस हजारांवर रुपये लागतात. म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल कापूस. कोरडवाहू जमिनीत एकरी कापूस किती होतो आणि बोंडअळीच्या किंवा पावसाच्या तडाख्याच्या वर्षी किती होतो, हे इथे कुणाला सांगायला नको. एक एकर कापूस नुसता भाकरीपायी जातो. त्या एकराचे बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च वेगळाच राहतो.

आणि हा हिशेब हमीभावाचा आहे. प्रत्यक्षात आपण कापूस विकतो दिवाळी ते संक्रांत, जेव्हा बाजारात आवक दाटलेली असते आणि कर्ज दारात उभे असते. धान्य घेतो आषाढात, उधारीवर, दुकानदार सांगेल त्या भावाने. विकताना ठोक आणि घेताना किरकोळ. पूर्वी सावकाराकडून धान्य सवाई-दिढीने आणत. पायलीला सवा पायली, नाहीतर दीड पायली फेडत. आज पायली गेली, रुपये आले, पण आषाढात घेतलेल्या दाण्याची फेड आजही दिढीच्या आसपासच जाते.

ज्वारी कुणी घालवली?

आपला मुलूख कापूस-ज्वारीचा. कापूस हातात पैसा देई, ज्वारी पोटाला दाणा आणि जनावराला कडबा देई. पऱ्हाटीत तुरीचे पाट असत, ज्वारीत मूग, उडीद, बरबटी असे. धुऱ्यावर अंबाडी असे, तीळ असे. पेवात आणि कणगीत वर्षाची बेगमी असे. सालदाराचे साल आणि बलुतेदाराचे बलुते ज्वारीतच मोजले जाई.

१९८० च्या आसपास महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून जास्त जमीन होती. आज तिचा तिसरा हिस्साही राहिला नाही. जी राहिली ती बरीचशी रब्बीची, सोलापूर-नगर-बीडकडची मालदांडी. आपली खरिपाची ज्वारी तर शोधावी लागते.

काही विद्वान सांगतात, शेतकरी पैशाच्या मागे लागला आणि त्याने अन्न सोडले. हे म्हणणे सरळ नाही. शेतकरी तोट्याच्या मागे किती वर्षे लागेल?

ज्वारीत विज्ञान कमी पडले असेही नाही. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले, पुढे सीएसएच-५ आले, सीएसएच-९ आले. ज्याला आपण नुसते 'हायब्रीड' म्हणत होतो, त्याने उत्पन्न वाढवून दाखवले. पण दाणा वाढला तसा त्याचा भाव पाडण्याची व्यवस्थाही तयार होती. १९६० आणि ७० च्या दशकांत लेव्ही होती. सरकार ठरवेल त्या भावाने, ठरवेल तितकी ज्वारी घालावी लागे. एका भागातले धान्य दुसऱ्या भागात न्यायला बंदी होती. शेजारच्या मुलखात ज्वारी महाग आणि इकडे मातीमोल, तरी गाडी पुढे नेता येत नसे. त्याआधी, १९५६ पासून, अमेरिकेचा पीएल ४८० चा गहू यायला लागला होता. शहराला स्वस्त खाऊ घालायचे, मग त्यासाठी इथल्या दाण्याचा भाव पडला तरी चालेल, हे धोरण तेव्हापासूनचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. पीक बदलले, रीत तीच राहिली.

पुढे सरकारी खरेदी वाढली ती गव्हाची आणि तांदळाची, पाण्याखालच्या मुलखातून. तोच गहू-तांदूळ रास्त भाव दुकानात दोन-तीन रुपये किलोने आला. दुकानात गहू दोन रुपये असताना आपली ज्वारी गावात कोण घेणार? ज्वारीला हमीभाव कागदावर दरवर्षी लागला, पण वेळेवर वजनकाटा लागला नाही. त्यात खरिपाची ज्वारी कापणीला आली की परतीचा पाऊस यायचा, कणीस काळे पडायचे. काळी ज्वारी व्यापारी अर्ध्या भावाने मागायचा आणि सरकारी केंद्रावर तर ती बसतच नसे.

नंतर सोयाबीन आले. ते शंभर-एकशेदहा दिवसांत पैसे देऊन मोकळे होते. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पाच-सहा वर्षांत सगळा शिवार पांढरा झाला. शेवटचा घाव घातला पाखरांनी, रानडुकरांनी आणि रोह्यांनी. गावात दोनशे एकर ज्वारी असते तेव्हा पाखरे थोडी-थोडी सगळ्यांची खातात. एकट्यानेच दोन एकर पेरली तर सगळ्या शिवाराची पाखरे त्याच्याच कणसावर बसतात. म्हणून ज्वारी एकेका शेतकऱ्याने सोडली आणि मग उरलेल्यांना सोडणे भाग पडले. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

बहात्तरचा धडा

१९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांनी अंगावर काढला आहे. अमेरिकेची तांबडी मिलो खाल्ली, लेकरांना सुकडी खाऊ घातली, खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पीक बुडाले होते, तरी १९४३ च्या बंगालसारखी माणसे मेली नाहीत. का? बंगालमध्ये त्या वर्षी धान्य अगदीच नव्हते असे नाही, पण गरिबाच्या हातात ते विकत घ्यायला पैसा नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडले. महाराष्ट्रात कामातून हाताला मजुरी मिळाली, म्हणून चूल पेटली. यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. १९७३ मध्येच केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हातात घेऊन पाहिला आणि वर्षभरात तो सोडूनही दिला. धान्य फिरू न दिल्याने ते कुणाच्याच ताटात जास्त पडत नाही, एवढे त्यातून दिसले.

म्हणून धडा दुहेरी आहे. भूक हटते ती हातातल्या पैशाने किंवा घरातल्या दाण्याने. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो उपाशी राहतो, मग शेजारी गोदाम भरलेले का असेना. कोरडवाहू शेतकऱ्याची आजची गत अशी की दाणा त्याने पैशासाठी सोडला आणि पैसा त्याला मिळाला नाही.

चौदा जिल्ह्यांचे धान्य

आता कायद्याकडे वळू. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला घरटी पस्तीस किलो. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. कायद्यात भरडधान्य आहे, म्हणजे ज्वारी आहे. पण आपल्या दुकानात ती कधीमधीच येते. शेजारच्या कर्नाटकात रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली जाते, हे ध्यानात असू द्या.

महाराष्ट्राला या कायद्याखाली सुमारे सात कोटी माणसांची मर्यादा बांधून दिली गेली, तीही २०११ च्या जनगणनेवरून. नवी सून आली, लेकरू झाले, भाऊ वेगळे झाले, की तहसिलीत उत्तर मिळते, 'इष्टांक संपला'. ज्या बाईची बोटे सरकी-बोंडांनी सोलली आहेत तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही, आणि अंगठा नाही म्हणून धान्य नाही.

या कायद्याबाहेर राहिलेल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारने २०१५ साली एक योजना आणली. अमरावती विभागातले पाच जिल्हे, मराठवाड्यातले आठ आणि वर्धा, अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत त्यांनाही माणशी पाच किलो गहू-तांदूळ दोन-तीन रुपयांनी मिळू लागला. २०२२ मध्ये केंद्राने यासाठी धान्य देणे थांबवले आणि दुकाने कोरडी पडली. २०२३ मध्ये राज्याने धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँकेत द्यायचे ठरवले, २०२४ मध्ये त्याचे १७० केले.

रोख बरी की धान्य बरे, यावर आपल्यातही दोन मते आहेत. कुणी म्हणेल, रोख द्या, आमची आम्ही ज्वारी घेऊ. यात तथ्य आहे. कुणी म्हणेल, खात्यात आलेला पैसा बँक कर्जात वळता करते किंवा तो दारूच्या दुकानात जातो, दाणा मात्र घरीच येतो. यातही तथ्य आहे. पण दोघांनाही मान्य व्हावा असा एक मुद्दा आहे. पाच किलो धान्य हे कायम पाच किलोच असते. १७० रुपये मात्र भाव वाढला की आपोआप चार किलो होतात, मग तीन होतात. रक्कम धान्याच्या भावाशी बांधलेली नसेल तर ती मदत दरवर्षी झिजत जाते. आणि ती महिन्याच्या महिन्याला आली नाही, तर आषाढातली भूक कार्तिकातल्या पैशाने भागत नाही.

मजुराच्या घरी

एक गोष्ट कानाला टोचेल, तरी सांगतो. आपल्या घरची कणगी रिकामी झाली तेव्हा शेतमजुराच्या घरचे मडके त्याआधीच रिकामे झालेले होते. ज्वारीत मजुरी मिळे तेव्हा बाजारात भाव चढला तरी त्याच्या भाकरीवर घाला पडत नसे. सुगीत सर्वा वेचून मजूर बाई पायली-दोन पायल्या जमवी. कापसाच्या शेतात वेचण्यासारखा सर्वा नाही. सोयाबीन यंत्राने निघाले की उरलेली मजुरीही जाते.

मजुरी वाढली म्हणून शेती परवडत नाही, असे आपण म्हणतो. मजुरी देता येत नाही कारण मालाला भाव नाही, हे त्याचे मूळ आहे. पण हे मूळ सांगून मजुराचे पोट भरत नाही. ज्या गावात शेतकरी आणि मजूर भाकरीच्या प्रश्नावर एका बाजूला उभे राहत नाहीत, त्या गावातले रेशन, अंगणवाडी आणि रोजगाराचे काम तिसराच कुणी खाऊन जातो.

आता काय करायचे?

सरकारकडे मागायचे ते तीन शब्दांत मागू. पहिले, हमीभावाने ज्वारीची खरेदी ज्या जिल्ह्यात होईल त्याच जिल्ह्याच्या रेशनवर ती ज्वारी द्या, आणि खरेदीचा काटा कापणीच्या वेळी लावा. दुसरे, चौदा जिल्ह्यांची रोख मदत धान्याच्या बाजारभावाशी बांधा आणि दरमहा ठरल्या तारखेला द्या. तिसरे, इष्टांक २०११ वर अडकवून ठेवू नका, वाढलेल्या माणसांचे धान्य वाढवा.

आपल्या हातातलेही काही आहे. ते सरकारची वाट पाहत थांबायला नको.

एक, ज्वारी एकट्याने पेरू नका. वीस-तीस शेतकऱ्यांनी ठरवून एका सलग पट्ट्यात एकेक एकर पेरा. राखण आळीपाळीने करा. पाखरांचे नुकसान वाटले जाते, रानडुकरासाठी कुंपण किंवा जागल सगळ्यांना मिळून परवडते, आणि वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज एकाऐवजी तीस माणसांचा जातो. घरची एक एकर ज्वारी नीट आली तर वर सांगितलेल्या सहा क्विंटलांतला मोठा वाटा घरातच निघतो, आणि बैलाला कडबा मिळतो तो वेगळा.

दोन, पऱ्हाटीतले तुरीचे आणि मुगाचे पाट मोडू नका. तणनाशकाच्या सोयीसाठी ते मोडले गेले आणि वरणातली डाळ गेली. त्या पाटांचा माल घरातल्या बाईच्या हाती राहू द्या. तो विकायचा की शिजवायचा हे तिने ठरवावे.

तीन, ग्रामसभेत रेशनची यादी मोठ्याने वाचून घ्या. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या बाईचे नाव असले पाहिजे, असे कायदा सांगतो. ते आहे का पाहा. अंगठा उमटत नाही म्हणून कुणाला परत पाठवले असेल तर तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला पोच नसते.

चार, प्रत्येक गावाने एक यादी करावी. घर शेतकऱ्याचे असो की मजुराचे, त्याचा दाणा कोणत्या महिन्यापर्यंत पुरतो एवढेच लिहायचे. संक्रांत, होळी, अक्षय तृतीया, पोळा, जिथे संपतो तो सण लिहा. नाव लिहायला कुणाला लाज वाटत असेल तर नाव लिहू नका, नुसता सण लिहा. कुणाला किती जमीन, कुणाचे कर्ज किती, हे सरकारदरबारी सगळे नोंदलेले असते. कणगी कधी रिकामी होते याची नोंद मात्र कुठेच नाही. ती आपण केली तर पुढच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांपुढे आपल्याला ओरडावे लागणार नाही, कागद पुढे ठेवता येईल.

या चार कामांपैकी यादीचे काम मायबहिणींनी हातात घ्यावे, असा आमचा आग्रह आहे, कारण कणगीत हात घालून तळ किती राहिला हे त्यांनाच ठाऊक असते. पुढची जिल्हा बैठक होईल तेव्हा प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने ही यादी बरोबर आणावी. कापसाच्या भावाचा विषय त्या दिवशी आपण या यादीपासूनच सुरू करू.